लाडवांवर उभारलेलं तळघर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जपानमधल्या सेंदाईत जितकी माफी मागितली, तितकी आजवर कुठल्याही मराठी माणसाने, आणि त्यातून पुणेकराने, एका जन्मात मागितली नसेल. तीही अजून न झालेल्या आवाजाबद्दल. काका घर्षणाचे शास्त्रज्ञ. कुठली वस्तू कशावरून किती घसरते यात त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि दोन वर्षांच्या फेलोशिपवर इथल्या विद्यापीठातही तेच करायला आले होते. खिशात कायम मोजायची टेप. बर्फात चालताना दोन पायांत दोन वेगळे बूट, का तर तुलना करता आली पाहिजे. एकदा मी त्यांना जेवायला बोलावलं, तर माझा तवा हळूहळू तिरका करत डोसा कितव्या अंशाला सुटतो ते त्यांनी पाहिलं, तो खाली पडल्यावर शांतपणे उचलून खाल्ला आणि दोष पिठाचा नसून तव्याचा आहे, असा मला दिलासा दिला. काकू अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसायच्या. आम्ही सगळे काका म्हणायचो म्हणून इमारतीतल्या जपानी मंडळींना तेच त्यांचं नाव वाटलं आणि आदराचं 'सान' जोडून ते सर्वांचे काका-सान झाले.

इमारत जुनी, टेकडीच्या उतारावरची, अकरा बिऱ्हाडांची. घराघरात वॉशिंग मशीन ठेवायला जागा नाही, म्हणून तळघरात सगळ्यांची मिळून दोन मशीनं होती. तळघर कसलं, एकाने श्वास घ्यावा तेव्हा दुसऱ्याने सोडावा इतकीच तिथे जागा. भिंतींना ओल, छत डोक्याला लागणारं आणि दार आत उघडणारं. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दुपारी यातलं एक मशीन घसरत घसरत नेमकं दाराला जाऊन टेकलं आणि तळमजल्यावरच्या हायासाका-सान नावाच्या आजी चार तास काळोखात आत अडकून पडल्या. त्यानंतर त्या खाली उतरल्याच नाहीत. आम्ही राहायला आलो तो भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा. कडाक्याच्या थंडीतही आजी न्हाणीघरात बसून चादरी हाताने धूत. एकदा कचरा ठेवायच्या जागी काकांना त्यांचे हात दिसले, भेगाळलेले, लालभडक. आजींनी ते लगेच बाह्यांत ओढून घेतले आणि हवेविषयी बोलू लागल्या.

काका त्याच संध्याकाळी टेप घेऊन तळघरात उतरले. वर आले ते माझ्या दाराशी. "मशीन घसरलं, म्हणजे हे काम माझ्या खात्यातलं आहे," ते म्हणाले. "मार्चअखेर आम्ही जाणार. त्याआधी त्या बाई खाली उतरल्या पाहिजेत. तुला जपानी येतं, तू चल." माझं जपानी भाजी आणि हवामान यांच्यापलीकडे जात नव्हतं, पण काकांच्या लेखी मी पंडिता होते. घरमालकांना फोन केला. त्यांनी हवं ते करा म्हणून परवानगी दिली, आणि आपण एक येनही देणार नाही हे इतक्या अदबीने सांगितलं की मीच त्यांचे आभार मानले.

काम सुरू करण्याआधी शेजाऱ्यांकडे छोटासा टॉवेल घेऊन जायचं आणि आवाजाचा त्रास होणार म्हणून क्षमा मागायची, अशी इकडची रीत. काकांना ती भयंकर आवडली. नुसता टॉवेल बरा दिसत नाही म्हणून त्यांनी काकूंना बेसनाचे लाडू वळायला लावले आणि स्टीलच्या अकरा डब्यांत भरले. मग प्रत्येक दारात कमरेत वाकून "गोमेइवाकु ओ ओकाके शिमास्", म्हणजे मी तुम्हाला त्रास देणार आहे, हे वाक्य ते इतक्या आनंदाने म्हणायचे की दार उघडणारा एक पाऊल मागे सरकायचा. मी मागून हसऱ्या चेहऱ्याने सारवासारव करायची. समोरच्या तोफूवाल्याला काहीही ऐकू जाणार नव्हतं, तरी काकांनी त्याचीही माफी मागितली.

आता आपल्याकडे शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. जपानी माणूस तर भेटीची परतभेट दिल्याशिवाय सुखाने झोपत नाही. दोन दिवसांत डबे घासूनपुसून परत येऊ लागले, आणि प्रत्येक डब्याबरोबर काहीतरी. कुणी सफरचंदं दिली, कुणी खुंट्या, कुणी घरात उरलेला पांढरा रंग, कुणी दिवा. काका ते पाहून गहिवरले आणि दुसऱ्या टप्प्याची माफी मागायला निघाले. पुन्हा लाडू, पुन्हा डबे, पुन्हा परतभेटी. या खेपेला फळ्या आल्या. तिसऱ्या खेपेपासून मला त्यांचा संशय येऊ लागला, कारण आता ते कुणाच्या घरात काय पडलंय ते आधी विचारून ठेवत. काकू म्हणाल्या, रंगली ती एक भिंत आणि संपलं ते सगळं बेसन. बेसन टोकियोहून पार्सलने मागवावं लागे, त्यामुळे त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता.

आत उघडणारं दार काढून तिथे सरकतं बसवायचं होतं, पण ते कुठल्या डब्यातून येणार? ते काकांना, लोक जुनं मोठं सामान कचऱ्यात काढतात त्या दिवशी, दोन गल्ल्या पलीकडे दिसलं. कचऱ्यातलं उचलायला बंदी, म्हणून काका भर थंडीत त्या दाराशेजारी उभे राहिले आणि मालक बाहेर आल्यावर त्यांनी रीतसर मागणी घातली. तो गृहस्थ इतका ओशाळला की स्वतःच ते खांद्यावर घालून आमच्याकडे पोचवून गेला. संध्याकाळी अर्थात त्याच्याकडेही लाडू गेले. जुनं दार काढून काकांनी आडवं टाकलं, कपड्यांच्या घड्या घालायला लांबलचक टेबल झालं. मशीनं समोरच्या भिंतीला बांधली, खाली जाड रबराचे तुकडे घातले, आणि एका रविवारी सगळ्या बिऱ्हाडांना बोलावून मशीन ढकलायला लावलं. पाचजण आळीपाळीने घाम निघेपर्यंत ढकलत होते. मशीन हललं नाही. काका टाळ्या वाजवत मधोमध नाचले आणि त्यांचं डोकं छताला आपटलं.

आजी त्या दिवशी आल्या नाहीत. त्या प्रत्येक डबा वेळेवर परत करायच्या, कधी वांग्याचं लोणचं घालून, कधी संत्री घालून, पण वरती, काकूंच्या हातात. खाली या म्हटलं की गोड हसायच्या. मार्चचा दुसरा आठवडा आला. काकांनी त्या खेपेचा डबा मुद्दाम स्वतः त्यांच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून घरात सापडायचंच बंद केलं. विद्यापीठातून आले की थेट तळघरात. आजी डबा घेऊन वर जायच्या, काकू तो न घेता खाली बोट दाखवायच्या, आजी वाकून परत जायच्या. असं तीनदा झालं. मी काकांना म्हटलं, हा छळ आहे. त्यांनी मान खाली घातली, पण जागचे हलले नाहीत.

चौथ्या दिवशी मी फळीवर खुंटी ठोकत होते, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. काकांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. आजी दोन्ही हातांत डबा धरून दारापर्यंत आल्या. भीती वाटत होती हे दिसत होतं, पण दिलेली वस्तू परत न करता राहणं त्यांना त्याहून जड होतं. त्यांनी डबा दिला. काकांनी सवयीने माफी मागितली, आणि या वेळी ते वाक्य त्यांना नीट म्हणता आलं नाही. आजींनी सरकतं दार एका बोटाने ढकलून पाहिलं. मग आम्हाला हातानेच बाहेर व्हायला सांगितलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं जिन्यात. काका उगीच टेप उघडत होते, मिटत होते.

दार उघडलं. "छान सरकतं," आजी म्हणाल्या आणि वर गेल्या. सोमवारी सकाळी मी खाली गेले तर एका मशीनमध्ये चादरी फिरत होत्या आणि आजी स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या.

मार्चअखेरीस काका-काकू गेले. टॅक्सी आली तेव्हा काकांनी आजींच्या हातात घाईघाईने लाडवांचा एक डबा ठेवला, आणि तो परत करायला वेळच उरला नाही. आजी टॅक्सीमागे चार पावलं गेल्याही.

पुढे आम्हीही सेंदाई सोडून त्सुकुबाला आलो. गेल्या वर्षी सेंदाईला गेले तेव्हा तळघरात डोकावले. डबा तिथेच, फळीवर, लखलखीत घासलेला. त्यावर आजींच्या थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी होती. काका-सान यांचा आहे, परत द्यायचा आहे. आजी ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, अजून स्वतःचे कपडे स्वतः खाली घेऊन येतात. डबा घेऊन येऊ का, हे विचारायला मी पुण्याला फोन केला. काकांनी आधी मशीनखालच्या रबराची चौकशी केली. मग म्हणाले, "डबा आणू नकोस. त्यांचं खाली येणं-जाणं आहे ना, मग तिथेच राहू दे."