उतर, मालन

लवू नागवेकरच्या गाडीला सीट दोन आणि त्याला दोस्त एकच, तो म्हणजे मी. म्हणून त्यांचं सामान कायम माझ्या स्कूटरवर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी हौसेनं त्यांच्या मागे मागे फिरतो.

लवू मुरुगवाड्यातला माझा शेजारी. तीस वर्षं बोटीवर इंजिनात काढली. निवृत्त झाल्यावर लोक कलमं लावतात, घरावर स्लॅब घालतात. ह्यानं मुंबईहून कुणा कप्तानाच्या बायकोकडून जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली. लाल रंग, कापडी टप, वय माझ्यापेक्षा एक वर्षानं जास्त. उंची इतकी कमी की खालून जायचं तर मांजरसुद्धा आधी विचार करतं. वाडीत तिला घोरपड म्हणतात. लवूसमोर अर्थातच नाही म्हणत.

माणूस तसा वाईट नाही. रोज सकाळी लेंगा-बनियनवर गाडीखाली सरपटतो, तेल बघतो, नट पिळतो. कार्बोरेटर साफ करायला एकदा बायकोचा दात घासायचा ब्रश नेला होता आणि काम झाल्यावर तो परत जागेवर ठेवलाही होता. ह्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते आजवर मला कळलेलं नाही.

पण रत्नागिरीत गाडी चालवायची म्हणजे स्पीडब्रेकर आलेच, आणि स्पीडब्रेकरवर घोरपडीचं पोट घासतं. त्यावर लवूनं उपाय काढला होता. स्पीडब्रेकर आला की गाडी थांबवायची आणि म्हणायचं, "उतर, मालन." मालन वहिनी उतरणार, लवू एकटा गाडी हळूच पलीकडे नेणार, वहिनी चालत जाऊन परत बसणार. वजन उतरलं की गाडी वर येते, हे त्याचं शास्त्र. तरी मोठ्या स्पीडब्रेकरवर ती थोडी घासायचीच. मग तो वहिनींकडे असा बघायचा, जणू त्यांचा एक पाय आत राहिला होता.

अशी नऊ वर्षं गेली. वहिनींचं माहेर मालगुंडला. आमच्या दारापासून तिथवर तेवीस स्पीडब्रेकर, आणि तेविसावा नेमका माहेरच्या बेड्याच्या, म्हणजे कुंपणाच्या फाटकाच्या, पन्नास पावलं अलीकडे. म्हणजे गाडी जावयाला घेऊन ऐटीत अंगणात जाणार, आणि माहेरवाशीण मागून घाम पुशीत चालत येणार. त्यांची भावजय गंगुबाई दारात उभीच असायची. दर वेळी तेच विचारायची, "काय गो मालन, एस.टी.नं आलीस?" सगळं घर हसायचं. लवूही हसायचा. त्या वेळी मला त्याचा भयंकर राग यायचा, पण दोन्ही हातांत त्यांच्याच पिशव्या असताना माणूस बोलणार किती?

गेल्या वैशाखात वहिनींच्या भाचीचा, अक्षयाचा साखरपुडा ठरला. आदल्या दिवशी वहिनी मला कुंपणाशी गाठून म्हणाल्या, "दादूभावोजी, ह्या खेपेला मी माहेरच्या अंगणात गाडीत बसून जाणार. व्याह्यांची माणसं असतील. त्यांच्यासमोर गंगूवहिनीनं तेच विचारलं ना, तर मी परत तिथे पाऊल ठेवणार नाही." आवाज शांत होता, पण डोळे भरले होते. मी म्हटलं, वहिनी, बसून कशा जाणार, तेवीस आहेत. "बघत राहा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी निघालो. सांदणांचा डबा माझ्या पायांत, आहेराची पिशवी हँडलला, मागच्या सीटवर नारळांचं पोतं. पहिला स्पीडब्रेकर आला.

"उतर, मालन."

"नाही उतरत."

"अगो, घासेल."

"मग तुम्ही उतरा."

लवू हसला. "आणि गाडी कोण नेणार? दादू?"

वहिनींनी पर्समधून लायसन काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. आठवड्यातून तीन दिवस भजनाला म्हणून बाहेर पडायच्या, त्या ड्रायव्हिंग क्लासला जात होत्या. चार महिने. मला संशय यायला हवा होता, कारण त्यांच्या तोंडून अभंगाची एक ओळ कधी ऐकली नव्हती.

लवूनं लायसन उलटसुलट करून बघितलं. मागून रिक्षावाले हॉर्न मारायला लागले. शेवटी तो उतरला, तोही गाडी कशी घासते ते तिला दाखवायला. नवा कोरा झब्बा घालून रस्त्यात पालथा पडला आणि गाल डांबराला लावून गाडीच्या पोटाखाली बघू लागला. वहिनी त्याच्या सीटवर सरकल्या आणि त्यांनी गियर टाकला. गाडी वर चढली, पलीकडे उतरली. आवाज नाही.

"पुन्हा कर," लवू जमिनीवरूनच म्हणाला.

वहिनींनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा नेली. मग तिसऱ्यांदाही नेली. एकदाही घासली नाही. लवू उठून बसला आणि बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत राहिला. त्याचं वजन शहाण्णव किलो आहे. नऊ वर्षं हा गृहस्थ गाडी हलकी करायला चोपन्न किलोची बायको उतरवत होता.

एक मात्र मानलं पाहिजे, लवू नियमाचा पक्का. गाडी घासता कामा नये म्हणजे नये. उरलेल्या ठिकाणी तो मुकाट्यानं उतरत गेला. आरे-वारेला पर्यटकांनी गाडी बंद पडली समजून, काका, धक्का मारू का, असं विचारलं. भंडारपुळ्याला तो मला म्हणाला, "दादू, जरा मागे बसू दे रे."

"जागा नाही," मी म्हटलं. "तुझंच सामान आहे." हे बोलून मला इतकं बरं वाटलं की पुढचा चढ मी शीळ घालत चढलो.

तेविसाव्याला लवू उतरला. वहिनींनी गाडी पलीकडे नेली आणि थांबवलीच नाही. सरळ बेड्यातून आत, मांडवापर्यंत, हॉर्न वाजवीत. पाहुणे बाहेर धावले. गंगुबाई दारात तोंड उघडून उभी, पण प्रश्न काही बाहेर पडेना. वहिनी स्टीअरिंग धरून ताठ बसून होत्या. उतरायचं नावच नाही.

तेवढ्यात मागून लवू आला. चालत. गालाला डांबर, झब्बा पाठीला चिकटलेला. गंगुबाईला तिचा प्रश्न सापडला.

"काय भावोजी, एस.टी.नं आलात?"

सगळं घर हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता हा चिडतो आणि सगळ्यावर पाणी पडतं. लवूनं रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि व्याह्यांच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नाही. मालननं आणलं."

तेव्हा कुठे मालन वहिनी गाडीतून उतरल्या. कुणी न सांगता.