थांब, मागं घे

गिरिजामावशी बोरीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्यांदा आल्या, त्या चपला हातात घेऊन. "भाईर ठेवल्या तर जातेत, घालून आले तर तुज्या मशीनचा अपमान," म्हणाल्या आणि चपला कोपऱ्यात ठेवून थेट खुर्चीवर बसल्या. साठी ओलांडलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. टायपिंग करणाऱ्या मुली बघत राहिल्या. मावशींनी एक नजर टाकली आणि सगळ्यांची बोटं पुन्हा चालू झाली.

आमच्या लिंगायत घरांत माणूस गेलं की पुरण्याआधी त्याला मांडी घालून बसवतात आणि त्याच्यासमोर पदं म्हणतात. मावशींच्या आईकडे अशी अकरा पदं होती. मावशींचं लग्न लवकर झालं, त्या चारच घेऊन बोरीला आल्या. उरलेली सात थोरल्या बहिणीकडे, भागाक्कांकडे राहिली. भागाक्का बीदरकडच्या एका खेड्यात, ऐंशीच्या घरात, गुडघ्यांनी जायबंदी. "चाळीस वर्सं झाली, चार पदांत माणसाला निरोप द्यायले मी," मावशी म्हणाल्या. "लय लाज वाटती. ती सात मला आणायचीच हायेत."

"मग फोनवर शिकून घ्या की."

"शिकू कशी? पद सुरू झालं की मधी मोडायचं न्हाई, आईची ताकीद हाय. अन् आक्का म्हणती, लगीच म्हणून दाखव, तवाच पुढचं देते. एका दमात पाठ व्हायला मी काय ल्हान हाय?"

कॉम्प्युटरवर वाजणारा आवाज साठवत जाणारं एक सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. भागाक्कांना कॉम्प्युटरवरूनच कॉल लावायचा, तो चालू असतानाच आवाज थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचा, आणि रेकॉर्डही होत राहायचा. मावशींनी नीट चौकशी केली. "मी हितं थांबवलं तर तिकडं आक्का थांबल का?"

"नाही. त्या म्हणत राहतील. आपण मागे राहू."

"मंग पद मोडत न्हाई," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तीनला हजर.

"थांब. मागं घे. आजून मागं." महिनाभर मी एवढंच ऐकलं. एकेका ओळीला वीस-वीस वेळा मागे जायचं. एकदा मी वैतागून म्हणाले, "मावशी, जवळजवळ आलंय की!"

"जवळजवळ मूठमाती देतेत का कुणी? मागं घे."

घोळ एवढाच व्हायचा की तिकडे पद संपलेलं असायचं आणि आम्ही इकडे पाच मिनिटं मागे. भागाक्का विचारायच्या, "गिरजे, आलं का गं?" मग चिडून, "गिरजे, झोपलीस का?" ते आम्हाला पाच मिनिटांनी ऐकू यायचं. मावशी दचकून "आलं, आक्का, आलं!" असं ओरडायच्या आणि मग म्हणून दाखवायच्या. मी हसले की मांडीवर चापट बसायची.

सहा पदं झाली आणि मावशींच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी परभणीला जाऊन तपासून घ्या म्हणून सांगितलं. "सातवं झाल्यावर," मावशी म्हणाल्या. मी भांडले, रडलेसुद्धा. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मागं घे." मला त्यांचा अजून राग येतो. सातवं आलं त्या दिवशी त्यांनी ते डोळे मिटून, एकदाही न अडखळता म्हटलं. परभणीची गाडी सोमवारी ठरली होती. रविवारी सकाळी मावशी गेल्या.

अंगणात त्यांना बसवलं. बायकांनी मावशींकडून शिकलेली चार पदं म्हटली, पुढची कुणालाच येत नव्हती. कुणीतरी मला म्हणालं, "तुझ्याकडं रेकॉर्डिंग हाय ना? मावशीच्या आवाजातलं लाव." मी क्लासमध्ये पळत गेले, फाइल उघडली आणि माझी चूक कळली. सॉफ्टवेअरने फक्त कॉम्प्युटरमधून आलेला आवाज घेतला होता, खोलीतला नाही. भागाक्का म्हणत होत्या, विचारत होत्या. मावशींच्या जागी नुसती शांतता होती.

परत येऊन मी भागाक्कांना फोन लावला. "आक्का, तुम्ही म्हणा. मी फोन मावशींसमोर धरते."

"माजा गळा उठना आज," त्या म्हणाल्या. "अन् आसं मशीनमधून न्हाई म्हणायचं. शिकायला ठीक हाय. बसलेल्या माणसासमोर माणसानंच म्हणावं. तू रोज तिच्या शेजारी बसायचीस ना? म्हण. मी ऐकते."

मी काही शिकले नव्हते. मी नुसती बटणं दाबत होते. पण फोन चालूच ठेवून मावशींसमोर बसले, तोंड उघडलं आणि पहिली ओळ आली. तिच्यामागे दुसरी आली. वीस-वीस वेळा मागे घेतलेलं सगळं घशात तयार होतं. आवाज फाटला, दोनदा हुंदका आला, पण एकही पद मोडलं नाही.

सातवं संपलं. मांडीवरच्या फोनमधून भागाक्कांचा आवाज आला, "गिरजे, आलं का गं?"

"आलं, आक्का," मी म्हणाले.