पिटातलं पाणी

मी इंग्रजीची शिक्षिका. शब्दकोश उघडल्याशिवाय शब्द शिकवायचा नाही, हा माझा हट्ट. घरचे त्याला खोड म्हणतात. तरी ‘पिट’ मी तीस वर्षांत कधी काढून बघितला नव्हता. गोव्यात, आमच्या डिचोलीकडे तो कोणाला शिकवावा लागत नाही. खनिज काढतात तो खड्डा म्हणजे पिट. बाबा तिथे पंपावर होते. पिटात झिरपणारं पाणी उपसून बाहेर टाकायचं, हीच त्यांची नोकरी. पिट खोल खोल जात गेला आणि सर्वणला आमच्या घरामागची विहीर, आईची बांय, आटली. आई त्यांना एका शब्दाने बोलली नाही. त्याच पगारावर मी शिकले, तरी मला बाबांचा राग यायचा. आता त्याची लाज वाटते.

शेवटच्या आजारपणात आई त्यांना म्हणाली, “बांयचं पाणी हाडा हो. घोटभर पुरे.” बांय कोरडी पडून वीस वर्षं झाली होती. बाबा कळशी घेऊन निघाले ते दीड तासाने आले, पोटऱ्यांपर्यंत लाल मातीने माखून. खाण बंद झाल्यावर पिट पाण्याने भरला होता; कळशीतलं पाणी तिथलंच, हे मला कळलं. त्यांनी ते पाणी तीनदा गाळलं, उकळलं, निववलं आणि चमच्याने तिला पाजलं.

“आपल्या बांयचंच,” आई म्हणाली. चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून बाबांचं एकच: मी तिका फसवलंय. श्राद्धाच्या पानाशी पेला ठेवतानाही तेच. मी समजूत घालून दमले.

गेल्या आठवड्यात धड्यात ‘पिट’ हा शब्द आला आणि अखेर शब्दकोश उघडला. खड्डा, खाण, शर्यतीच्या मोटारी थांबतात ती जागा. शेवटी बारीक अक्षरांत व्युत्पत्ती: मूळ लॅटिन शब्द, अर्थ विहीर. पोर्तुगीज ‘पोसू’ त्याच मुळाचा. बाबा लहानपणी दोन इयत्ता पोर्तुगीज शिकलेले. संध्याकाळी त्यांना सांगितलं.

“पोसू म्हणजे बांय,” ते लगेच म्हणाले. “पिट पण बांयच?”

“मुळात, हो.”

“म्हणजे मी तिका फसवलंय नाय मां?”

शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे, हे मी वर्गात दरवर्षी ठासून सांगते.

“नाय, बाबा,” मी म्हटलं.