हेडबाई आणि चार लायसन्स

आमच्या ऑफिसात बाईंना सगळे हेडबाई म्हणतात. तोंडावर नाही, एवढी हिंमत कुणात आहे? तोंडावर नुसतं 'बाई'. अठरा वर्षांपूर्वी त्या इथे खोक्यांवर लेबलं चिकटवायला लागल्या, मग फोनवर बसल्या, मग सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आल्या. आता साहेबसुद्धा सुट्टीवर जाण्याआधी त्यांच्या टेबलापाशी दोन मिनिटं घुटमळतात.

आमचा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. औषधाची बाटली असो की पितळी नळ, त्याच्या मापाचं खोकं आधी कॉम्प्युटरवर आखायचं. कापायचं कुठे, दुमडायचं कुठे, झाकण अडकणार कुठे. हे आखायचं सॉफ्टवेअर मुलखाचं महाग, त्यामुळे आखणारे आम्ही पाच आणि लायसन्स चार. चौघांनी उघडलं की पाचव्याला 'जागा नाही' अशी पाटी दिसते. कुणी वीस मिनिटं माऊस किंवा कीबोर्ड हलवला नाही, तर त्याचं लायसन्स आपोआप सुटतं आणि दुसऱ्याला मिळतं.

हे सांभाळायचं काम बाईंकडे आलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्यांना समजावायला गेलो. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, आमच्या घरात माणसं सात आणि न्हाणीघर एक. मला कसलं शिकवतोस?"

पण न्हाणीघराचं दार बाहेरून ठोठावता येतं. इथे तीही सोय नव्हती. सकाळी आल्या आल्या जो तो आधी सॉफ्टवेअर उघडून जागा धरायचा आणि मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचा. एकाने तर जेवायला जाताना कीबोर्डवर स्टेपलर ठेवायला सुरुवात केली. मी त्याला सव्वाशेर. मी माऊसला दोरा बांधला आणि तो टेबलफॅनला अडकवला. पंखा डावीकडून उजवीकडे मान फिरवायचा, माऊस त्याच्यामागून सरपटायचा, आणि मी खुशाल खाली चहाला. माझं लायसन्स सुटायचं नावच घ्यायचं नाही.

याचा फटका बसायचा मामांना. मामा आमच्यातले सगळ्यात वयस्कर, साठीला टेकलेले. ते आधी कोरा पुठ्ठा घेऊन बसतात. कात्रीने कापतात, दुमडतात, मनासारखं झालं नाही की फेकून दुसरा घेतात. खोकं हातात नीट उभं राहिलं की मगच कॉम्प्युटरकडे वळतात. जागा मिळाली तर तासाभरात आखून मोकळे, नाही मिळाली तर गप्प बसून राहतात. भांडण त्यांच्या स्वभावातच नाही.

अशात लायसन्सचे भाव वाढले आणि साहेब वैतागले. पुढच्या महिन्यापासून तीनच घ्यायची आणि आखणारेही चारच ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं. ज्याचे तास सगळ्यात कमी, तो गोदामात खोकी मोजायला जाणार. बाईंनी महिन्याचा तक्ता काढून भिंतीवर लावला. पहिला मी, एकशे एकाहत्तर तास. शेवटचे मामा, एकोणीस. शुक्रवारी चार वाजता साहेबांच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं होतं.

खोटं कशाला बोलू, तक्ता बघून मला आधी हायसंच वाटलं. शुक्रवारी दुपारी मात्र मामांचं टेबल दिसलं. ते ड्रॉवर रिकामा करत होते. कात्री, झिजलेली पट्टी, नातीने रंगवलेलं एक चिमुकलं खोकं, एकेक वस्तू पुसून पिशवीत चालली होती. गोदामात टेबल मिळत नाही हे त्यांना माहीत होतं. मला स्वतःचा मनस्वी राग आला.

तेवढ्यात बाईंनी हाक मारली. समोर तासातासाचा हिशोब मांडलेला. एका बुधवारी दुपारी सव्वा ते दोन मी जोरात आखत होतो म्हणे. त्या वेळी मी बाईंच्या समोर बसून त्यांच्याच डब्यातली भाजी संपवत होतो, हे त्यांना चांगलं आठवत होतं. पुढच्या आठवड्यात मी अर्धा दिवस रजा काढून मुलीच्या शाळेत गेलो होतो, आणि तक्त्यात त्याच दुपारी माझं साडेतीन तास काम. "एकाच वेळी दोन ठिकाणी असणारा माणूस आपल्याकडे आहे, हे मला ठाऊकच नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चार वाजायला अजून दीड तास आहे. काय करायचं ते तू ठरव," एवढं बोलून त्यांनी फोन उचलला.

तो दीड तास कसा गेला ते माझं मला माहीत. गप्प बसलो तर मामा जाणार, तोंड उघडलं तर मी जाणार. गोदामात तरी पाठवतील की सरळ घरी, याचाही भरवसा नव्हता. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं, याची तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही विसरलो.

चार वाजता बाईंनी साहेबांच्या टेबलावर तक्ता ठेवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी मामांचं नाव घेतलं आणि मी उभा राहिलो.

"साहेब, माझे तास खोटे आहेत. निम्मे पंख्याचे आहेत."

मग दोऱ्यापासून सगळं सांगून टाकलं. साहेब आधी लाल झाले. तेवढ्यात मागून आवाज आला, की थोडे तास स्टेपलरचेही आहेत. साहेबांना हसू आवरेना. बाईंनी तेवढी संधी साधून दुसरा कागद पुढे सरकवला. महिन्याभरात कुणाची किती खोकी गिऱ्हाइकांनी पसंत केली, ते त्यात होतं. मामांची चौदा. माझी नऊ.

गोदामाचा विषय तिथेच संपला. लायसन्स तीनच घ्यायची, पण आखणारे पाचही राहतील आणि वाटप बाई करतील, असं ठरलं. बाईंचा नियम एकच. आधी हाताने पुठ्ठ्याचं खोकं करून त्यांच्या टेबलावर उभं करायचं, मग लायसन्स. खोकं लवंडलं तर आधी मामांकडे जायचं. मामा "बरं" म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, याचं काय करायचं? "ते माझ्यावर सोडा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्या रजिस्टरात काहीतरी लिहीत होत्या. शिक्षा विचारायला गेलो होतो, पण तोंडातून भलतंच निघालं. तुम्हाला सगळं कळलं होतं, दुसरा कागदही तयार होता, मग तुम्हीच साहेबांना का नाही सांगितलंत, असं मी विचारून बसलो.

त्यांनी मान वर केली नाही. "मी सांगितलं असतं तर तू चोर ठरला असतास, आणि चोराला कामावर ठेवता येत नाही. तू सांगितलंस, म्हणून नुसता गाढव ठरलास. जा, पुठ्ठा घे आणि मामांकडे बस."