यमुनाबाईच्या कमरेत साठलेली उसण

आचऱ्यात कुणाची कंबर धरली की तो सरळ यमुनाबाईच्या दारात यायचा. यमुनाबाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेली. तिनं उंबऱ्यावर पालथं निजवून डाव्या पायानं कमरेवर दाब दिला की उसण उतरते, हे अख्ख्या गावाला माहीत. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे यायचेच, पण एकदा कचेरीतले भाऊसाहेबसुद्धा वाकत वाकत आले. ते गेल्यावर यमुनाबाई म्हणाली, "आज सरकाराक लाथ मारूक गावली," आणि पोट धरून हसली. शेवंती तेव्हा नुकतीच सून होऊन शिरोड्याहून आलेली. तिला सासू त्याच दिवशी आवडून गेली.

मग अठ्ठावन्न साली मासळीची भरलेली पाटी डोक्यावर घेताना यमुनाबाईच्याच कमरेत कळ आली, आणि ती काही केल्या जाईना.

"सगळ्या गावाची उसण माज्या कमरेत सांठली हा," ती म्हणाली. "इतकी वर्सां काढलंय, ती खंय गेली असतली? माज्यातच इली."

मुलगा तुकाराम तिला मालवणला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, बाई. दुखलं म्हणून काही मोडत नाही. रोज थोडं थोडं चाला. निजून राहिलात तर कंबर आणखी आखडेल."

"डागदर काय पायाळू आसा?" घरी येऊन तिनं विचारलं आणि ती आडवी झाली ती झालीच. हललं तर मणका सुटेल, ही एकच भीती. पायांच्या काड्या झाल्या. बाजारातली तिची जागा दुसरीनं घेतली. शेवंती तिला पुसायची, भरवायची, आणि मागीलदारी जाऊन रडायची.

एक दिवस तिला राहवलं नाही. "आये, मी पण पायाळूच. पायाळूवर वीज पडता म्हणान म्हायेरी आवशीन लपवून ठेवला. उंबऱ्यार झोप, मी काढतंय."

"नको गो. तुज्यात जायत ती."

"माजी कंबर तरणी आसा. पचवतलंय."

सगळं खोटं होतं. तरी शेवंतीनं पाय लावला आणि यमुनाबाई उठली. खरंच उठली! आधी अंगण, मग विहीर, मग किनाऱ्यापर्यंत काठी न घेता. पावसाळा सरल्यावर पुन्हा पाटीही घेतली. तुकाराम तर बघतच राहिला.

पुढे शेवंतीला दिवस गेले. सातव्या महिन्यात एका सकाळी ती चुलीपुढून कमरेवर हात ठेवून उठली आणि यमुनाबाईनं ते पाहिलं.

"ती माजी आसा," ती एवढंच म्हणाली.

"आये, पोटुशी बाईची कंबर दुखताच."

ती कुठली ऐकतेय. शेवंतीला उंबऱ्यावर बसवून तिनं पाठीला टाच लावली, डोळे मिटून, हळूच. मग आत जाऊन स्वतःच चटई अंथरली.

शेवंती तिच्या पायाशी बसली. "आये, मी खोटा बोललंय. मी पायाळू नाय. सगळ्यांसारखी डोक्याकडनाच इलंय. तुज्यातना काय एक माज्यात येवक नाय. तू आपली आपणच उठलंस."

यमुनाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस. गुणी गो तू."

"देवाशपथ, आये."

"देवाक मधी घालू नको. वायच पाणी दी."

शेवंतीनं तुकारामला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, पार शिरोड्याहून आपल्या आईला बोलावून तिच्या तोंडून वदवलं. यमुनाबाई सगळ्यांचं ऐकायची, मान हलवायची, आणि कूस बदलायलाही घाबरायची.

शेवंती बाळंत झाली आणि तिची कंबर आपसूक दुखायची थांबली. चार दिवसांनी ती नातीला घेऊन ताठ चालत सासूजवळ आली. यमुनाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं.

"बघ," ती समाधानानं म्हणाली, "तुजी गेली मां?"

त्यानंतर ती कधीच उठली नाही.