चिंचेच्या ढोलीचा फोटो

मी भेकड बाई आहे, हे आधीच सांगते. पाल पडली तरी माहा जीव वर चढते. पण त्या संध्याकाळी माहा हात हालला नाई, फोटो पाहून कोणीबी सांगन.

झालं असं, का लेकराचं टोपडं दोरीवर वाळत टाकलं अन् दिवस बुडाच्या आत काढाचं राहून गेलं. आमच्याकडे लेकराचे ओले कपडे संध्याकाळी बाहेर ठेवत नाई. घुबडाच्या जातीचं पाखरू कपडा नेते, ढोलीत ठेवते, अन् कपडा वाळते तसं लेकरू वाळत जाते म्हणते. मले माहीत होतं सारं, तरी विसरली. सकाळी पाह्यते तं दोरीवर टोपडं नाई. परसात चिंच, चिंचेत ढोली, अन् ढोलीत पिंगळ्याची जोडी, लहानसं घुबडच ते. सासूबाईनं चिंचेकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं.

त्याच आठवड्यात लेकराले हगवण लागली. कळंबच्या दवाखान्यात नेलं, पुड्या घेतल्या, साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, थांबली. दात येऊन राह्यले म्हणे. पण लेकरू उतरलं ते उतरलंच. सासूबाई रोज त्याचं मनगट दोन बोटात धरून पाहे. मंग एका दुपारी आमच्या ह्यांले तिनं सांगितलं, ढोलीत मिरचीचा धूर दे, टोपडं काढ, अन् ढोली लिपून टाक. हे म्हणाले, उद्या सकाळी करतो.

ढोलीत पिल्लं होती. म्या पाह्यली नव्हती, पण लेकराले पाजता पाजता रोज संध्याकाळी त्याहिचा चिरचिराट आयकत होती. मिरचीच्या धुरात ते काय जगतीन? अन् एवढं करून टोपडं निघालंच नाई तं? म्हून म्या सासूबाईले म्हटलं, आत टोपडं आहे का नाई ते आधी पाहून तं घेऊ.

"पाह्यनार कोण? तू? तू तं झुरळाले भेते."

"मोबाइल पाहीन," म्या म्हटलं.

पिंगळ्याचा फोटो आधीबी एकदा काढून पाह्यलता. तवा मोबाइलचा लाइट असा चमकला का नर फांदीवर दगडासारखा बसून राह्यला, चोचीत उंदीर तसाच, अन् आत पिल्लं वरडून राह्यली. माह्यामुळंच उपाशी राह्यली ते. लाइट बंद कसा कराचा ते मले समजत नव्हतं, आठवीतच शाळा सुटली माही. म्हून ह्या खेपेले कपाळाची टिकली काढून लाइटवर चिकटवली. दहा आकडे मोजले का आपोआप फोटो निघते, ते येत होतं. लग्न झाल्यावर आम्ही दोघाचे तसेच तं काढत होतो.

ढोलीचं तोंड पश्चिमेले, म्हून दिवस बुडाच्या आधी घडीभर उजेड सरळ आत जाते. ते घडी धरून बसली मी. लेकरू सासूबाईपाशी, मोबाइल चिंचा झोडाच्या बांबूले चिंधीनं बांधला, हे शिडी धरून खाली. पिंगळा उडाला, मादी बाहेर आली, मान खालीवर केली, माह्याकडं डोळे वटारून पाह्यलं अन् तेबी तुरीच्या वावराकडं गेली. मी चढली. एका हातानं शिडी धरली, दुसऱ्यानं बांबू. पह्यला फोटो निस्ता आभाळाचा, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात काही समजेना, उन्ह ढोलीवरून सरकून राह्यलं, हे खालून म्हणत होते उतर आता, अन् म्या अजून एकडाव बांबू लावला, दहा मोजले, अन् उतरली.

चौथ्यात तीन पिल्लं होती. एकमेकाले चिकटून, पांढऱ्या लवीचे, पिवळे डोळे टकटक मोबाइलकडं. एका बाजूनं उंदराचं शेपूट. टोपडं नव्हतं. चिंधी सुद्धा नव्हती.

म्या मोबाइल सासूबाईच्या हातात देल्ला. तिनं तो दूर धरला, जवळ घेतला. म्या बोटानं फोटो मोठा करून देल्ला, कोपरान् कोपरा दाखवला. टोपडं नाई, हे तिले दिसलंच असन, पण तिनं त्याचं नावच काढलं नाई.

"किती दिवसाचे असतीन वं हे?"

"आवाज आठ दिवसापासून येते."

तिनं मोबाइल ह्यांच्या हाती देल्ला. माह्या बाळंतपणात ह्याच बाईनं सव्वा महिना मले उंबरठा ओलांडू देल्ला नव्हता, वारा लागन म्हणे. मंग ह्यांले म्हणाली, "धूर नोको देऊ. बाळंतीण आहे तिथं. सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतिणीले घराबाहेर काढते का कोणी?"

टोपडं सापडलंच नाई. वाऱ्यानं गेलं का कुत्र्यानं नेलं, कोण जाणे. सासूबाईनं नवं शिवलं, कान झाकनारं, अन् दिवस कलला का आता तीच दोरीवरचे कपडे काढते. लेकरू हळूहळू खिचडी खाऊ लागलं.

सव्वा महिना तिनं बोटावर मोजला. तो भरला त्या संध्याकाळी तिन्ही पिल्लं फांदीवर रांगेत बसलेली होती. सासूबाई लेकराले कडेवर घेऊन खाली उभी. मले म्हणाली, "काढ फोटो. टिकली आहे का लावलेली, ते आधी पाह्य."