स्टिअरिंग माझ्याकडे राहिलं

मंजिरीवहिनींचा फोन आला तेव्हा मी बंद पडलेल्या एका रेस्टॉरंटचा ओव्हन ट्रकवर चढवत होतो. "भावजी, शिरीष गेला," आधी एवढंच त्या म्हणाल्या, मग कोविडचं सांगितलं. अकरा दिवस तो हॉस्पिटलात होता. ज्याच्याबरोबर या परक्या देशात आल्या आल्या फुटस्क्रे उपनगरातल्या एका खोलीत तीन वर्षं काढली, त्याला कोविड झाल्याचं मला कुणी कळवू नये? मी तिथेच तडकलो. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्याने तुम्हाला फोन केला होता ना?" अंत्यसंस्काराला दहाच माणसांना परवानगी होती. मी ते मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलं, आणि तेही मधेच गोठलं.

त्या खोलीत शिरीष अभ्यास करायचा आणि मी रात्रपाळीला भांडी घासायचो. पुढे तो इंजिनियर झाला आणि मी हॉटेलांची जुनी ओव्हन-फ्रीज घेऊन विकू लागलो. घासाघीस हीच माझी डिग्री. तो मला 'शेठ' म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे वीस वर्षांत मला कळलं नाही. चाळिशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात हॉट रॉड शिरली. कुठल्याशा शेतात सडत पडलेली जुनी गाडी आणायची, तिला दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं. मी आठ सिलिंडरचं इंजिन ठरवून आलो, त्याने साधं सहाचं घेतलं. "शेठ, शर्यत नाही लावायची. साठच्या वेगाने समुद्राकाठी जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, परत यायचं." "एवढ्यासाठी दोन वर्षं गंज घासणार?" "हो. तू शेजारी बसून बडबड कर." दर रविवारी मी त्याच्या गॅरेजमध्ये असायचो. बाजार माझा, पाना त्याचा.

स्टिअरिंग मी जुन्या भागांच्या बाजारात मिळवलं, महामारीच्या आधीच्या उन्हाळ्यात. बारीक कडेचं, काळं, चार आऱ्यांचं. विकणारा म्हातारा म्हणाला, भावाच्या गाडीचं आहे, भाऊ वारला. मी त्याला निम्म्यावर आणलं. शिरीष तेव्हा काही बोलला नाही. पण जूनमध्ये, पहिला लॉकडाउन उठल्यावर, गाडी जवळजवळ तयार झाली होती आणि शेजारचा गोरा बघायला आला होता. त्याला हा हसत हसत सांगतो, "आमच्या शेठने त्या म्हाताऱ्याला अक्षरशः रडवलं." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाजार मी करायचा आणि पुण्य तू घ्यायचं? वीस वर्षं हेच चाललंय!" पाना घेतला, स्टिअरिंग काढलं आणि काखोटीला मारून निघालो. "हवं तर माग," म्हणालो. तो म्हणाला, "मागणार नाही."

मग जुलैत पुन्हा सगळं बंद झालं. पुढे घरापासून पाच किलोमीटरचीच मुभा राहिली. मी ट्रुगानिनात, तो अल्टोनाकडे. मधे त्याहून जास्त अंतर. हे कारण मी लोकांना सांगतो, पण ते खोटं आहे. माझ्याकडे कामासाठी फिरायचं परमिट होतं. बंद पडणाऱ्या हॉटेलांचा माल उचलायला मी आठवड्यातून दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडावरून जायचो. स्टिअरिंग ट्रकमध्येच असायचं. व्यवहारातलं माझं एक तत्त्व आहे : जो आधी बोलतो, तो हरतो. हॉस्पिटलात जाण्याच्या आदल्या दुपारी शिरीषचा फोन आला. मी नाव बघितलं, उचलला नाही. म्हटलं, अजून एकदा करू दे...

नोव्हेंबरात निर्बंध उठल्यावर स्टिअरिंग घेऊन गेलो. गाडीला सायीच्या रंगाचा हात मारलेला होता. दार उघडलं. स्टिअरिंगच्या उघड्या दांड्यावर त्याने ग्रिप पक्कड आवळून बसवली होती, आणि हाताला रुतू नये म्हणून तिच्या मुठीला कापडी पट्टी गुंडाळली होती. वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी ती पक्कड धरून गाडी ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत न्यायचा. दहा मिनिटं बसायचा, परत आत." मी विचारलं, दुसरं स्टिअरिंग का नाही आणलं? "मीही म्हटलं, ऑनलाइन मागव. तर म्हणाला, शेठची घासाघीस चाललीय, चालू दे."

मी पकडीला हात घातला. मग वहिनींना म्हणालो, सुटत नाहीये. खटक्याच्या एका दाबासरशी सुटली असती.

अजून रविवारी जातो. शेजारच्या सीटवर बसतो, स्टिअरिंग मांडीवर ठेवतो, हात लांबवून किल्ली फिरवतो. इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं. समोर पट्टी गुंडाळलेली पक्कड थरथरत राहते. बडबड काही सुचत नाही. दहा मिनिटांनी मी इंजिन बंद करतो.